भिंगरीखालचं घर

आमच्या घरात भिण्याचं खातं माझ्याकडे होतं. पाल दिसली, कुत्रं रडलं, दारात अनोळखी माणूस येऊन उभा राहिला, की घाबरायचं ते मी. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि कशालाच भ्यायचे नाहीत. निदान ते तसं सांगायचे आणि मीही तसंच धरून चालले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या एका टोकाला, जिथे ज्वारीची शेतं संपून घरांसाठी आखलेलं लेआउट सुरू होतं, तिथे आम्ही प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. विजेचे खांब मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबलेले. लेआउट मंजूर नाही म्हणून लाइन नाही, आणि मंजूर कधी होईल ते कोणालाच ठाऊक नाही. कंदिलाच्या काचा पुसून पुसून माझी बोटं काळी झाली होती. एक दिवस हे जेवता जेवता म्हणाले, "सरकारचा खांब येत नाही तं आपन आपला उभा करू." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले.

पण कबाड्याकडून मोटारीचा जुना डायनमो आला. ट्रकची वापरलेली बॅटरी आली. सागवानाची फळी आली आणि महिनाभर अंगणात रंधा चालला. पोळ्यांच्या कणकेतही भुसा सापडायचा. शेवटी दोन पात्यांची भली मोठी भिंगरी, तिच्यामागे पिंपाच्या पत्र्याची शेपूट, आणि हे सगळं घरापेक्षा उंच लोखंडी पाइपाच्या शेंड्यावर चढवलं. पाइपाला सळईच्या पायऱ्या वेल्डिंग करून घेतल्या होत्या आणि पाइप घराच्या मागच्या भिंतीला पट्ट्यांनी आवळला होता. वारा भिंगरी फिरवणार, भिंगरी डायनमो फिरवणार, डायनमो बॅटरी भरणार आणि बॅटरीवर मोटारीचा बल्ब जळणार. हे सगळं त्यांनी मला फरशीवर खडूने काढून समजावलं. मी विचारलं, "हे पडलं तर?" ते म्हणाले, "पडन कायले वं?"

पहिल्या जोडीतलं एक पातं दुसऱ्याच दिवशी सुटलं आणि संडासाच्या पत्र्यात घुसलं. आत कोणी नव्हतं. यांना हसू आलं. "वजन कमीजास्त झालं असन," असं म्हणून ते नवी जोडी तासायला बसले. मी त्या भोकाकडे पाहत राहिले. ते बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होतं.

दुसरी जोडी टिकली, आणि खरं सांगायचं तर उजेड पडला. पिवळा, बारका, पण काजळी नसलेला. लेआउटमधले लोक जेवणं झाली की बल्ब पाहायला यायचे. यांना 'भिंगरीवाले गुरुजी' म्हणू लागले आणि हे फुलून गेले. मी मात्र त्या बल्बखाली भाजी चिरताना एक कान भिंतीकडे ठेवायची. कारण पाइप भिंतीला बांधलेला, त्यामुळे वर भिंगरी फिरली की खाली भिंत गुणगुणायची. वारा वाढला की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिण करायचे. ती किणकिण सुरू झाली की मी मुलीला उचलून पुढच्या खोलीत न्यायची. मुलगी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. हे हसायचे. "तुले तं वाऱ्याचंही भेव," म्हणायचे. होतंच मला वाऱ्याचं भय. वरची ती वस्तू आमच्यासाठी फिरते आहे असं मला कधी वाटलंच नाही, ती सुटायला पाहते आहे असंच वाटायचं.

वारा फार झाला तर भिंगरी थांबवायची सोय होती. शेपटीला दोर बांधून तो खाली अंगणात सोडलेला होता. तो ओढला की भिंगरी वाऱ्याकडून तोंड फिरवायची आणि हळूहळू थांबायची. त्या दोराचं टोक कुठे आहे हे मला अंधारातही सांगता आलं असतं. रोज काहीतरी निमित्त काढून मी त्या दोराला हात लावून यायची आणि हे त्याची टिंगल करायचे.

मग वैशाख पौर्णिमा आली. विहारात बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता, मांडव घातला होता, आणि लाउडस्पीकरला बॅटरी हवी होती. बॅटरी कोणाकडे, तर भिंगरीवाल्या गुरुजींकडे. मंडळी सकाळी आली आणि बॅटरी सायकलवर ठेवून घेऊन गेली. मांडवाला एक चांगला दोर कमी पडत होता. हे वर चढले, शेपूट वळवून सुतळीने जखडली आणि शेपटीचा तो नायलॉनचा दोर सोडवून मंडळींना देऊन टाकला. "संध्याकाळपर्यंतचीच गोष्ट हाये," म्हणाले. कोणी काही मागितलं की यांचा हात आधी पुढे व्हायचा, डोकं मागाहून यायचं. मी खूप बडबडले. पण धर्माच्या कामाला दिलेली वस्तू परत मागून आणायची कशी, म्हणून गप्प बसले.

चहाच्या वेळेला पश्चिमेकडचं आभाळ मातकट झालं. दिवसभर पान हललं नव्हतं. आधी धुळीचा वास आला, मग बाभळी वाकल्या, आणि वादळ आलं ते एकदम अंगावरच आलं. सुतळी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. पेले वाजले नाहीत, मांडणीवरून सरळ खाली पडले. मी मुलीला घेऊन बाहेर धावले. वर भिंगरी दिसतच नव्हती, पात्यांच्या जागी नुसतं करड्या रंगाचं चाक होतं आणि तिची शिट्टी कानात घुसत होती. हे अंगणात उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की प्रकरण मी समजते त्याहून वाईट आहे. बॅटरी जोडलेली असली की डायनमोला ओझं असतं, भिंगरी जड फिरते. आज ओझंच नव्हतं. ती कितीही जोरात फिरायला मोकळी होती.

शेजारच्या घरावर टिनं होती आणि घरात चार लेकरं. शेजारची बाई दारात येऊन वर पाहत होती. हे म्हणाले, "पातं सुटलं तं सरळ त्यायच्या टिनावर जाईन." विहिरीचा दोर त्यांनी खांद्यावर टाकला आणि पाइपाला हात घातला. मी त्यांचा सदरा धरला. तो त्यांनी सोडवून घेतला.

ते शेपटीच्या बाजूने चढले. वाऱ्याने दिशा बदलली असती तर भिंगरी गर्रकन फिरून पाती त्यांच्या डोक्याशी आली असती. हे मला कोणी सांगायला नको होतं. पाइप डुलत होता. मी एकच गोष्ट मनात घोकत राहिले, वारा फिरू नको, वारा फिरू नको. त्यांनी शेपूट पकडली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा अंगाचा भार टाकून त्यांनी ती वळवली आणि दोराने बांधली. शिट्टी उतरत गेली. चाकाची पुन्हा दोन पाती झाली.

पण हे उतरेनात. टपोरे थेंब पडू लागले, शेतापलीकडे वीज चमकली, आणि हे लोखंडी पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारून तसेच वर. मी हाक मारली. हालचाल नाही. शॉक लागला की काय, असं वाटलं. मग दिसलं, त्यांच्या पोटऱ्या लटलट कापत होत्या. वरून आवाज आला, इतका बारीक की तो यांचा आहे हे मला आधी पटेचना. "माझ्यानं उतरनं नाही होत वं."

मी मुलीला शेजारणीच्या हातात दिलं. पातळ वर खोचलं आणि चढले. आयुष्यात मी चिंचेच्या झाडावरही चढले नव्हते. खाली पाहायचं नाही एवढंच ठरवलं. वर पोचून त्यांच्या टाचेला हात लावला. टाच बर्फासारखी गार होती.

"पाय सोडा," मी म्हटलं.

"पडीन मी."

मग माझं डोकं फिरलं. भीतीने फिरलं की रागाने, आजही सांगता येणार नाही. लग्नापासून कधी 'अहो' सोडलं नव्हतं, ते त्या पाइपावर सुटलं. "उजवा पाय सोड. टाच म्या धरली हाये. सोड म्हन्ते ना. मांडवाले दोर कोनं देल्ला?"

"म्या."

पाय एक पायरी खाली आला. मी तो सळईवर नेऊन ठेवला आणि दुसरी टाच धरली.

"बॅटरी कोनं देल्ली?"

"म्याच देल्ली."

"मले विचारलं होतं?"

"नाही वं."

असं एकेका प्रश्नाला एकेक पायरी करत मी त्यांना खाली आणलं. प्रश्न संपत आले तेव्हा मी संडासाच्या पत्र्यातल्या भोकापर्यंत मागे गेले. जमिनीला पाय लागले तसे हे मटकन बसले. मुलगी शेजारणीच्या कडेवर होती. शेजारणीने तोंडावर पदर धरला होता. ती रडत होती की हसत होती, कोण जाणे.

त्यानंतर मला वाटलं होतं, आता सुखाने झोप लागेल. भिंगरी बांधलेली, भिंत गप्प, कंदील पुन्हा खुंटीवर. हेच तर मला हवं होतं. पण बॅटरी परत आली ती कोपऱ्यात पडून राहिली. हे शाळेतून येत, जेवत, भिंतीकडे तोंड करून बसत. लोक विचारत, "गुरुजी, भिंगरी काहून बंद हाये?" हे सांगत, बेअरिंग गेलं. मी म्हटलं, काढून तरी टाका. ते म्हणाले, "काढाले चढा लागन." आणि उठून बाहेर गेले.

एका सकाळी मी चुलीपाशी होते. खिडकीतून दिसलं, हे पाइपाजवळ उभे होते. वरच्या पायरीला हात घातला, खालच्या पायरीवर पाय ठेवला. तसेच उभे राहिले. मग पाय काढला, हात सदऱ्याला पुसला आणि राखुंडीने दात घासू लागले. मी मान खाली घातली. वादळातही वाटलं नव्हतं इतकं भय मला तेव्हा वाटलं. न भिणारा माणूस घरात एकच होता आणि तो असा माझ्या डोळ्यांदेखत संपत चालला होता. दोघंही भित्रे झालो तर या उजाड लेआउटमध्ये मुलीला कोणाच्या भरवशावर वाढवायचं?

रविवारी वारा नव्हता. बाजारातून मी नवा दोर आणला होता आणि बॅटरी पुन्हा तारांना जोडली होती. मी पातळ खोचलं आणि पाइपाशी गेले.

"तू कायले? राहू दे," हे म्हणाले.

"तुम्ही चढता काय?"

त्यांनी हात सदऱ्याला पुसला. मी चढले. भीती कमी झाली होती असं कोणी समजू नये. हात घामाने निसटत होते. शेंड्याला पोचून मी नवा दोर शेपटीला बांधला, त्याचं टोक खाली सोडलं आणि वादळातली ती गाठ दातांनी सोडवली. झुळूक आली. भिंगरी हलली, फिरू लागली, आणि तिची गुणगुण पाइपातून माझ्या पोटापर्यंत आली. तेव्हा मी पहिल्यांदा खाली पाहिलं.

हे अगदी माझ्याखाली उभे होते. दोन्ही हात वर पसरलेले, मी पडले तर झेलणार असल्यासारखे. तोंड उघडं, मान मोडेल इतकी मागे गेलेली. चेहऱ्यावर रंग नव्हता.

मी उतरले. त्यांनी माझं मनगट धरलं ते भर अंगणात, शेजारणीच्या देखत, आणि सोडायचं नावच घेईनात. त्यांचा तळवा माझ्याहून ओला होता.

"मी वर चढलो का तू दरवेळेले अशीच उभी राहे काय वं, खाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.