घोड्यावरचा अंगठा

जालन्यात आमच्या घराजवळ जुन्या सामानाचा एक गाडा लागतो. बंद पडलेली घड्याळं, कंदील, रेडिओ, असलं सगळं. परवा त्या गाड्यावर मला तो डबा दिसला. पिवळा पुठ्ठा, वर नाण्यांचं चित्र, आत खिशाखिशांचा अल्बम, भिंग आणि चिमटा. नाणी जमवायला नव्यानं लागलेल्या पोरांसाठीचा संच. गाडेवाला म्हणाला, "व्हिंटेज पीस आहे, मॅडम." मनात म्हटलं, मेल्या, माझ्या लहानपणाला व्हिंटेज म्हणतोस होय? पण पाय काही तिथून हलेनात. अस्साच डबा आमच्या घरी होता. आणला होता माझ्यासाठी आणि बळकावला आबांनी.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, माझं माहेर वाटूरचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नुसती लोळत पडते म्हणून त्यांनी औरंगाबादच्या फेरीत तो डबा घेतला. घरी आले, खाकी शर्टही न काढता डबा उघडला. सोबत नमुन्याची थोडी नाणी होती. त्यात घोड्याचं चित्र असलेला तांब्याचा एक पैसा होता. जुना, पण बाजारात कधी न फिरलेला, कोराकरकरीत. आबांनी तो अंगठ्याखाली दाबून धरला आणि म्हणाले, "काय घोडा काढलाय बघ, आत्ता पळंल."

डब्यात इंग्रजीतला एक कागद होता. डिक्शनरी घेऊन मी त्याचा अर्थ लावेपर्यंत आठवडा गेला. नाणं कडेनं धरा, चित्रावर बोट टेकवू नका. आणि नाणं कधीही घासू नका, धुऊ नका, जुन्या नाण्यावर चढलेला काळपटपणाच त्याची शान असते. मी वाचून दाखवलं तसा आबांनी आपला अंगठा उलटा करून बघितला. दिवसभर चिल्लर मोजून कंडक्टरचा अंगठा काळा होतो, साबणालाही तो दाद देत नाही. तोच अंगठा त्यांनी घोड्यावर टेकवला होता. पुढं काही महिन्यांत घोड्याच्या अंगावर तपकिरी ठसा उमटला. भिंगातून रेघन् रेघ दिसायची. मधून एक आडवी चीर. बसच्या दारात सापडून आबांचा अंगठा चिरला होता, त्याची खूण.

"वाट लावली म्या घोड्याची," असं ते किती वर्षं म्हणत राहिले. आल्यागेल्याला अल्बम दाखवताना तो खिसा तळहातानं झाकायचे. मी खोडी काढायची, "आबा, घोडा दाखवा ना." माझ्यावर डोळे वटारायचे. माय विचारायची, काय झालंय त्या पैशाला, तर म्हणायचे, "डाग पडलाय." अंगठा स्वतःचाच आहे हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. ते फक्त त्यांना आणि मला ठाऊक.

मायला तर त्या डब्याला हात लावायची बंदीच होती. तिच्या हाताला कधी पीठ, कधी तेल. ती चिडून म्हणायची, "सवत आणलीय घरात. तिला भिंगातून बघता, मला कवा तरी बघितलं का असं?" आबा मान वर न करता म्हणायचे, "तुला बघायला भिंग कशाला लागतंय?" माय लाजायची आणि भाकरी करपायची. तिकिटाच्या चिल्लरीत कधी भोकाचा पैसा, कधी कुठल्या म्हातारीनं दिलेलं निजामाच्या काळातलं नाणं आलं, की आबा पदरचे पैसे घालून ते ठेवून घ्यायचे. तसा अल्बम भरला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आबांना जालन्याला दवाखान्यात आणलं. ते परत आलेच नाहीत. चेहरा दिसला नाही, हात लावता आला नाही. तेव्हा सगळीकडं तसंच होतं, कुणाला बोल लावायचा? पण माझ्या मनातून एक गोष्ट आजही जात नाही. त्यांचा हात एकदा हातात घ्यायचा राहिला. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख कमी होतं. खोटं बोलतात. फक्त रडणं आवरता येतं, एवढंच.

आणि परवा त्या गाड्यासमोर एकदम आठवलं, घोडा आहे की. फोटो आमच्याकडं ढीगभर आहेत, पण फोटोवर हात फिरवला तर हाताला नुसता कागद लागतो. त्या पैशावर मात्र आबांनी स्वतः टेकवलेला अंगठा होता. मी घरी कुणाला काही न सांगता तशीच वाटूरची बस धरली. कंडक्टर कोवळा पोरगा होता, मशीनमधून तिकीट काढून दिलं त्यानं. त्याचा अंगठा स्वच्छ होता. खिडकीकडं तोंड करून मी वाटूरपर्यंत रडले.

माय अंगणात लसूण सोलत बसली होती. "आगं, अशी अचानक कशी आलीस? सगळं बराबर हाय ना?" मी विचारलं, "माय, आबांचा डबा कुठंय?" म्हणाली, "देवापाशी."

देव्हाऱ्याजवळ डबा होता. भिंग होतं, चिमटा होता, अल्बमचे खिसे रिकामे. सगळी नाणी एका पितळी वाटीत, हळदीकुंकू वाहिलेली, आणि लखलखीत. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडं घरातली नाणी चिंचेनं घासून पूजेला मांडतात. आबा होते तोवर त्यांच्या नाण्यांना त्यातून सूट होती. दिवाळीत ते डबा मांडीवर घेऊन राखण करत बसायचे.

वाटीतून मी घोडा शोधला. भिंग धरलं. घोडा होता, झिजून गुळगुळीत झालेला. अंगठा नव्हता. उजेडात नेलं, तिरका धरला, पुन्हा पुन्हा बघितलं. एक रेघ नव्हती. असा संताप आला मला की काय सांगू. काय करून बसलीस गं तू, हे अगदी ओठावर आलं.

तेवढ्यात माय माझ्या मागं येऊन उभी राहिली. लसणाचे हात पदराला पुसून तिनं तो पैसा माझ्याकडून घेतला.

"ह्याच्यावरचा डाग लई चिवट व्हता," ती म्हणाली. "पयल्या दिवाळीला घासला, गेला न्हाई. मंग दरसाली चिंचेत भिजत घालून राह्यले. बोटं सोलली, पर सोडलं न्हाई म्या. त्या डागापायी किती हळहळायचे ते, जल्मभर. म्हन्लं, त्यांच्याच्यानं झालं न्हाई, आपण काढू. औंदाच्या दिवाळीला निघाला बघ. लई वाटलं, त्यांना दाखवावं."

तिनं पैसा परत माझ्या तळहातावर ठेवला. तिला आता बारीक दिसत नाही. भिंग माझ्या हातात देत तिनं विचारलं, "तू बघ बरं नीट. ऱ्हायलाय का कुठं थोडासा?"

मी भिंग डोळ्याला लावलं. डोळे भरून आले होते, तरी बराच वेळ बघत राहिले.

"न्हाई माय," मी म्हटलं. "बिलकुल ऱ्हायला न्हाई."