बोलका डबा

नळाचं गळणं थांबवल्याबद्दल शाबासकी मिळेल, अशी इंजिनिअरची अपेक्षा होती. इंजिनिअर ही त्याची पदवी नव्हे. एकदा त्याने घरातली इस्त्री दुरुस्तीला उघडली, ती आजवर उघडीच आहे. तेव्हापासून वहिनीने ठेवलेलं हे नाव.

दादा नुकताच बाहेर पडला होता. मासेमारीची बोट, चार दिवस समुद्रावर. वहिनी भांडी घासायला बसली आणि तिचा हात नळाखाली थबकला.

"हा गळायचा थांबला कसा?"

"वायसर टाकला काल रात्री. फुकटात."

"फुकटात कुठे मिळाला?"

त्याने ऐटीत फळीकडे बोट दाखवलं. "एका डब्याच्या झाकणात रबराची चकती होती. नळापुरती कापून घेतली. झाकण लावून ठेवलं परत, पसारा नको म्हणून."

"डाव्या रांगेतला डबा का उजव्या रांगेतला?"

"डाव्या रांगेतला असेल."

वहिनी ओल्या हातानेच उठून फळीपाशी गेली.

दादाला दमा. औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोरडी भुकटी असते, ती छोट्या यंत्रात घालून ओढायची. दोन वर्षांपूर्वी एका लाटेने त्याची पिशवी भिजवली आणि भुकटीची खळ झाली. दोघांच्या खांद्यावर हात टाकून दादा घरी आला, तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते. त्या दिवसापासून या घरातून एकही बरणी कचऱ्यात गेली नाही. टॉनिकच्या गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या बरण्या, सायकलची फाटकी ट्यूब, मेणबत्त्यांची बुडखी, सगळ्याला वहिनीने कामाला लावलं. झाकणात रबराची चकती, आट्यांवर मेणाचा हात, आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ओल आली तर ती शोषायला. मग परीक्षा. डबा बादलीत दाबून धरायचा. बुडबुडा आला की डबा बोलला, म्हणजे नापास. बोलके उजव्या रांगेत. त्यांत बटणं आणि सुया. मुके डाव्या रांगेत. आजूबाजूचे खलाशी काड्यापेट्यांसाठी तेच मागून न्यायचे, त्यामुळे काल डावीकडे एकच उरला होता. आणि आज तो कॅप्सूल भरून दादाच्या पिशवीत होता.

"फोन करू?" इंजिनिअरने विचारलं.

"तो बघा, कपाटावर." खाऱ्या पाण्याने दोन फोन खाल्ल्यावर दादा तिसरा घरीच ठेवायचा.

बोट दहाला सुटणार होती. घड्याळात सव्वानऊ.

"सायकलवर धक्क्यापर्यंत किती वेळ लागतो, भाऊजी?"

"दहा मिनिटं."

"आणि ट्यूबशिवाय?"

हा विनोद नव्हता, हे त्याला जरा उशिराच कळलं. बोलक्या डब्यांच्या चकत्या चिरलेल्या, आणि घरात रबराचा दुसरा तुकडा नव्हता. वहिनीने दोन चमच्यांच्या दांड्यांनी मागच्या चाकाचा टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली आणि कात्री चालवली. सायकल इंजिनिअरची, पण कपाळावर आठी न आणता पाहत राहावं, इतकंच त्याच्या हाती होतं. त्याने तांदूळ भाजायला घेतले.

उजवीकडच्या एका डब्यातली बटणं ओतून त्याच्या झाकणात चकती बसवली. डबा बादलीत गेला. दोघं वाकून बघत राहिली.

एक बुडबुडा. बारीक, मोहरीएवढा.

"एवढ्याने काय होतंय?" तो पुटपुटला.

"श्वास तुमचा नाही ना." तिने झाकण काढलं, चकतीची कड कातरली, पुन्हा मेण घासलं, बरणी फडक्याने आतून कोरडी केली. डबा पुन्हा पाण्यात. तिने मनात शंभर मोजले. डबा मुका राहिला.

पुरचुंडी आत टाकली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दोघं पळत सुटली.

धक्क्यावर पोचली तर दोर सुटलेला. इंजिन धडधडत होतं, बोट दोन हात लांब, मग चार. दादा मागच्या बाजूला जाळं आवरत होता. वहिनीने डबा उंच धरला, त्याचं झाकण थापटलं, मग हवेत फुली मारली. आपल्याजवळच्या डब्याचं झाकण बाद आहे, हे दादाला कळलं, दहा वर्षांच्या संसाराची भाषा ती. इंजिनिअरने तिच्या हातातून डबा घेतला आणि जीव खाऊन फेकला.

डबा पाण्यात पडला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती डब्याकडे बघत होती. लाटेने तो एकदा गिळला, वर काढला, पुन्हा गिळला. दादाने हाक देऊन बोट थांबवायला लावली, काठीला जाळी लावून तो ओढून घेतला, पुसला, उघडला. पुरचुंडी सोडून तांदूळ तळहातावर घेतले आणि फुंकर मारली. दाणे सुटे सुटे उडाले. मग त्याने कॅप्सूल या डब्यात भरल्या आणि रिकामा डबा धक्क्यावर भिरकावला.

बोट वळून दिसेनाशी झाल्यावर वहिनी पायरीवर बसली. जुना डबा तिने पाण्यात दाबला. बुडबुड्यांची माळच लागली.

"ऐका, काय म्हणतोय?"

"माझंच नाव घेतोय," इंजिनिअर म्हणाला.

तेव्हा कुठे ती हसली. "चला. ट्यूब मी देईन आणून तुम्हाला."

दादा चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला. याला आता पाच महिने झाले. सायकल पडवीत उलटी उभी आहे, नळ गळत नाही, आणि इंजिनिअर कामावर चालत जातो. ट्यूब मागायची तर वायसरचा विषय काढावा लागतो.