आबांचं डेरगं

"ताई, सुया लागू पडन्यात! आबा बोलाले लागनात!" आबांचे चिरंजीव रमेशभाऊ दारातच म्हणाले. मी खुशीत आत गेले आणि ओसरीवरचं नवं डेरगं पाहून थबकले.

डेरगं म्हणजे मातीचा मोठा माठ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पितरांसाठी घागर भरतात. डेरगं मात्र वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तरच. उद्या आखाजी होती, पण या घरात कोणीच गेलं नव्हतं.

"आबानीच मांगं. इतला दिनमा पहिल्यांदा काही मांगं, मंग कुंभारकडतून लई उनू," रमेशभाऊ म्हणाले.

मी धुळ्यात अ‍ॅक्युपंक्चर करते. शिरपूरकडच्या या गावात आबांसाठी यायचे. स्ट्रोकनं त्यांची डावी बाजू गेली होती. मग जेवण सुटलं, बोलणं सुटलं. हे डिप्रेशन स्ट्रोकनंतर पुष्कळांना येतं. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू होती; माझ्या सुया जोडीला. केसासारख्या बारीक असतात, दुखत नाहीत, टोचल्यावर नुसत्या मुंग्या येतात. गोळीची जागा सुई घेत नाही, हे मी घरच्यांना बजावलं होतं.

आबा डेरग्याशेजारी बसले होते. दाढी केलेली, कोरं धोतर, टोपी. मला पाहून हसले. अर्धंच तोंड हसलं. मला आवडलं नाही ते हसू. महिनोन् महिने भिंतीकडे बघणारा माणूस एका रात्रीत इतका शांत होत नाही.

मी रमेशभाऊंना चहा करायला पाठवलं.

"आबा, डेरगं कोनासाठे?"

"मनासाठे." आबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही तर जिवंत शेतस ना!"

"डावी बाजू गयी, मी तवयच गयथू. हाई आंगच मांगे र्‍हायनं." आबा हिशेब समजावल्यासारखं बोलत होते. "सकाय आगारी टाकाई गयी का हाई बी मोकयं. आते पाय चालस, ताई. विहीर दूर नही."

आगारी म्हणजे पितरांना निखाऱ्यावर दिलेला घास. तो पाय मीच चालता केला होता.

रमेशभाऊंना बाहेर गाठलं. "गोळी?"

"सुया चालू शेतस म्हनीसन बंद करी."

मी भयंकर चिडले. ते रडायलाच लागले, मग माझाच आवाज खाली आला. माझ्याच गाडीनं आबांना धुळ्याला नेलं, अ‍ॅडमिट केलं. गोळी परत सुरू झाली, सुयाही. चोवीस तास कोणी ना कोणी उशाशी. डेरगं रमेशभाऊंनी रिकामं करून कुंभाराकडे परत दिलं.

आबांना उभारी यायला पावसाळा उजाडला. आता सुई टोचली की मला शिव्या देतात, सुनेच्या भाजीला नावं ठेवतात.

डिप्रेशनमध्ये कधीकधी अंगात बळ आधी येतं, जगायची इच्छा मागून. मधला काळ धोक्याचा. म्हणून हल्ली घरचे "फरक पडला" म्हणाले की मी पेशंटला आधी एकट्याला भेटते. फरक आबांनाही पडलाच होता.