गज्जूनं हात वर केला

आमचा गज्जू टेंभुर्णे कबड्डीच्या मैदानावर कधी हात वर करत नसे. रायपूरच्या आमच्या बुढापारा वस्तीतली कबड्डी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी तिथला रिवाज सांगतो. खेळाडू बाद झाला आणि पंचाला ते दिसलं नाही, तर त्यानं स्वतः हात वर करायचा आणि मुकाट्यानं रेषेबाहेर जायचं. सगळे करायचे. एरवी कोणाचं न ऐकणारे पोट्टेही करायचे. गज्जूच्या पाठीवर पंजाचा लाल वळ उठलेला असायचा, सारं मैदान ओरडत असायचं, आणि हा कमरेवर हात ठेवून पंचाकडे पाहत उभा. "पंचानं पाह्यलं काय? नाही ना? मंग झालंच नाही," एवढंच तो म्हणायचा.

मी त्या संघाचा स्कोरर. मला खेळता येत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं. सरकारच्या क्रीडा कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून गुण लिहायचो. गज्जू बाद झालेला मी शंभरदा पाहिला असेल. पण पंचानं बोट दाखवल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझा नियम. नियम पाळणारा माणूस म्हणून मला मान होता.

मग राज्याची वाटणी झाली आणि रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं रातोरात 'राजधानी हेअर कटिंग' अशी पाटी लावली, सदर बाजाराच्या तोंडावरची गिरणी 'राजधानी आटा चक्की' झाली, आणि आमच्या कचेरीत जुन्याच टेबलांना नवे नंबर पडले. राज्य नवं होतं, शिक्के नवे होते, फक्त अभिमान बाळगायला माणूस नव्हता. वाटणीत खुर्च्या आल्या, फायली आल्या, नामवंत खेळाडू मात्र तिकडेच, जुन्या राज्यात राहिले. अशात गज्जूनं बाहेरगावच्या एका मोठ्या स्पर्धेत कप जिंकून आणला. शेवटच्या चढाईत त्याचा पाय रेषेबाहेर गेला होता. मी पाहिला, पंचानं पाहिला नाही. मी गुण लिहिला आणि नव्या राज्याला तारा मिळाला.

स्टेशनवरून मिरवणूक निघाली. संघाच्या संरक्षकांची उघडी जीप होती. हे संरक्षक म्हणजे एक बडे ठेकेदार, सारं गाव त्यांना 'भैयाजी' म्हणायचं. जीपमध्ये आम्ही अकरा जण कोंबलेले. मी मागे, मांडीवर कप घेऊन. सदर बाजारात फुलं उधळली गेली तसा गज्जूला चेव आला. त्यानं ड्रायव्हर रामाधीनला बाजूला ढकललं. "सरक ना बे. आपल्या राजधानीत आपण गाडी चलवून राहिलो, कोन काय म्हनते?" लायसन्स त्याच्याकडे नव्हतं. जीप चालवायला तो महिनाभरापूर्वी शिकला होता.

गोल बाजाराच्या वळणावर सुखबती नावाची एक बाई पोतं अंथरून लाल भाजी विकायला बसायची. भरदुपार होती, रस्ता दिसत होता, बाईही दिसत होती. गज्जू दोन्ही हात सोडून लोकांना नमस्कार करत होता. जीप वळली नाही. बाईच्या उजव्या पायावरून चाक गेलं. लाल भाजी रस्ताभर झाली, आणि भाजी कुठली आणि दुसरं काय ते पाहायला मी थांबलो नाही. गज्जूनं उडी मारली, गळ्यातला हार काढून फेकला आणि गर्दीत मिसळला. हार काढण्याएवढं भान त्याला होतं, हे मला अजून आठवतं.

खटला उभा राहिला. कप आल्यावर आमच्या कचेरीच्या जिन्यात लावलेला गज्जूचा फोटो उतरला आणि त्या खिळ्याला वर्षभर कॅलेंडर लटकलं. कोर्टात जीपमधले एकेक जण गेले. जीप कोण चालवत होतं, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. रामाधीन म्हणाला, माझ्या डोळ्यात फूल गेलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "साहेब, माझ्या मांडीवर ट्रॉफी होती. ट्रॉफी इतकी मोठी, की समोरचं काही दिसत नव्हतं." वकिलानं मुद्दाम विचारलं, केवढी मोठी? मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. सुखबतीनं मात्र गज्जूकडे बोट दाखवलं. त्यावर वकील म्हणाले, ज्या पेपरात ही भाजी बांधते त्यातच आरोपीचा फोटो छापून आला होता, म्हणून ओळखते. कोर्ट हसलं. खरं सांगतो, मीही हसलो.

घरी आल्यावर बायकोनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला. सुनंदा चंद्रपूरकडची, बोलायला लागली की आडपडदा नाही. "केले न हात वर?" मी म्हणालो, "काय केलं?" "तुमच्या मैदानावर हात वर करनं म्हंजे कबूल करनं. अन् कोर्टात सारेच्या सारे हात वर करून आले. एकच शब्द, पण कसा उलटा पाडला तुमी लोकायनं." पाणी पिऊन मी बाहेर पडलो.

गज्जू सुटला. निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द होते, पण चौकात कापडी फलक लागला त्यावर 'बाइज्जत बरी', म्हणजे इज्जतीसह निर्दोष, असं होतं. पेंटरला मी विचारलं तर तो म्हणाला, "बाबूजी, 'संदेह का लाभ' लंबा पड रहा था, कपडे में नहीं बैठा." इज्जत कापडात बसली म्हणून मिळाली.

त्यानंतर त्याच्या उद्धाराचं सरकारी काम सुरू झालं. त्याला प्रशिक्षकाची नोकरी आणि राज्याचा मोठा पुरस्कार द्यायचं ठरलं होतं, पण फाइलला चांगल्या वागणुकीचे पुरावे लागत होते. ती फाइल माझ्याच टेबलावर होती. गज्जूनं रक्तदान केलं, फोटो लावला. गज्जूनं झाड लावलं, फोटो लावला. साहेबांनी शेरा मारला, 'झाड स्पष्ट दिसत नाही.' मग दुसऱ्यांदा, जरा मोठं झाड लावलं. चारित्र्याचा दाखला मी स्वतः टाइप केला. त्यात लिहिलं होतं की मी यांना व्यक्तिशः ओळखतो. तेवढं वाक्य खरं होतं.

त्या दिवसांत गज्जू कचेरीत येऊन माझ्यासमोर बसायचा. पूर्वीसारखा बोलायचा नाही. एकदा म्हणाला, "वासू, मले सारे म्हनतात तू काही केलं नाही. कोर्टातल्या पंचानं बी लिहून देल्लं. मंग मी त्या गोल बाजारातून काहून जात नाही बे? तीन वर्सं झाली, मी चक्कर मारून जातो." मी म्हणालो, "विसर ना आता. सही कर इथं." त्यानं सही केली.

शेवटची कल्पना भैयाजींची. पुरस्काराच्या कार्यक्रमात सुखबतीनंच गज्जूला हार घालायचा आणि माइकवर सांगायचं की मी माफ केलं. तिला बाजारात बसायला पक्का ओटा देऊ, असं कबूल केलं होतं. भैयाजी म्हणाले, "पब्लिक रोएगी." सुखबतीला कुबडीसकट चार जणांनी मंचावर चढवलं. नवं लुगडं नेसवलं होतं. गज्जू मान खाली घालून उभा. निवेदिकेनं तिच्या तोंडापुढे माइक धरला आणि लाडानं म्हणाली, "बोलो अम्मा, माफ किया?"

सुखबतीनं गज्जूकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माइकमध्ये म्हणाली, "काके माफी? ए का करे हे, बताइस त नइ."

कशाची माफी? यानं काय केलं, ते तर यानं सांगितलंच नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीची जुडी सुटी आहे की बांधलेली, असं विचारावं तसं तिनं विचारलं. कोर्टानं म्हटलं, यानं काही केलं नाही. फलकानं म्हटलं, काही केलं नाही. मग ही बिचारी माफ काय करणार? एवढी मोठी फाइल मी तयार केली होती, पण हा कागद त्यात नव्हता.

आणि गज्जूनं हात वर केला. उजवा हात, कोपर न वाकवता, सरळ. डोळे समोर. मग तो वळला, मंचाच्या कडेला गेला, पायऱ्या उतरला आणि मांडवाबाहेर निघून गेला. बाद झालेला खेळाडू जातो तसा.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. निवेदिका म्हणाली, "देखिए, हमारे चॅम्पियन हाथ हिलाकर आपका अभिवादन कर रहे हैं." दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो, खाली तेच वाक्य. त्याच्या आयुष्यातला पहिला कबुलीजबाब राज्यानं नमस्कार म्हणून घेतला. त्या मांडवात तो हात कशासाठी वर गेला हे एकट्या मला कळलं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

गज्जू तिथून सरळ ठाण्यात गेला होता. जीप मीच चालवत होतो, लिहून घ्या, म्हणाला. ठाणेदारांनी चहा मागवला. "भैया, आप तो बरी हो चुके. अब कैसा लिखना? एक फोटो हो जाए." मग घरी पोहोचवलेली शाल, ताम्रपट आणि प्रमाणपत्र घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. हे परत घे, म्हणाला. मी त्याला खरं तेच सांगितलं, की पुरस्कार देण्याचा फॉर्म आहे, परत घेण्याचा नाही. तो खुर्चीत बसला. हळूच म्हणाला, "मंग तू तरी सांग त्यायले. तू तं पाह्यलं होतं, वासू."

मला त्या वर्षी बढती मिळायची होती. कोर्टातला जबाब बदलला तर खोटी साक्ष म्हणून मीच अडकलो असतो. ही कारणं मी मनात जुळवली आणि तोंडानं म्हणालो, "गज्जू, ट्रॉफी मध्ये होती रे."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग हसला. "बरं. पंचानं नाही पाह्यलं." शाल माझ्या टेबलावर टाकून तो गेला. ती शाल अजून कचेरीच्या कपाटात आहे, तिला आवक नंबर नाही.

पुढचं मला सुनंदानं सांगितलं, ती भाजीला जायची तिथं. गज्जू दुसऱ्या दिवशी सकाळी गोल बाजारात सुखबतीपुढे जाऊन उकिडवा बसला. "दाई, गाडी मैं चलावत रहेंव," म्हणाला. आई, गाडी मी चालवत होतो. ती म्हणाली, "हव, मोला मालूम हे." मग तिनं कुबडीनं मागच्या गोणीकडे खूण केली, "उठा ओला." उचल ती. गज्जूनं गोणी उचलून तिच्या पोत्याशी ठेवली. त्या दिवसापासून तो रोज सकाळी जाऊन तिची गोणी रिक्षातून उतरवायचा, पोतं अंथरायचा, भाजीवर पाणी शिंपडायचा, आणि मग नोकरीवर जायचा. पुरस्कार मिळालेला माणूस भाजीवर पाणी शिंपडतो म्हणून सुरुवातीला लोक फोटो काढत. मग सवय झाली. पुष्कळ वर्षांनी सुनंदानं सुखबतीला विचारलं, माफ केलंस की नाही? ती म्हणाली, "रोज आथे, रोज उठाथे. माफी बर बेरा कहाँ मिलिस?" रोज येतो, रोज गोणी उचलतो, माफ करायला वेळच कुठे मिळाला.

मैदानावर गज्जू पोरांना शिकवायचा ते मी कडेच्या खुर्चीवरून ऐकायचो. "पंचाकडे काहून पाहून राहिला बे? तुले माहीत हाय ना तुले हात लागला? मंग कर हात वर अन् नीघ." एखादं पोरगं हात वर करून बाहेर आलं की तो त्याच्या पाठीवर थाप मारायचा. माझ्याकडे कधी पाहायचा नाही. ओरडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात बुढापाऱ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि घरोघरी पीलिया, म्हणजे कावीळ, झाला. गज्जू त्यात गेला. शोकसभा मैदानावरच ठेवली. टेबलावर त्याचा फोटो, शेजारी तो कप. कित्येक वर्षांनी मी तो कप जवळून पाहिला. त्याच टेबलावर वक्त्यांसाठी पाण्याचा जग ठेवला होता. कप त्या जगाएवढाच होता.

भैयाजी आता म्हातारे झालेत, पण बोलले तासभर. निष्कलंक, म्हणाले. बाइज्जत, म्हणाले. पुढच्या रांगेत सुखबती कुबडी आडवी ठेवून पोत्यावर बसली होती. त्या दिवशी तिची गोणी कोणी उतरवली कोण जाणे. शेवटी भैयाजींनी विचारलं, "और किसी को कुछ कहना है?"

माझी बढती झाली होती, निवृत्तीही झाली होती. कारणं सगळी संपली होती. सुनंदा शेजारी होती, माझ्या मांडीवरची पिशवी तिनं स्वतःकडे घेतली.

मी हात वर केला. उजवा, कोपर न वाकवता. माइकपाशी गेलो आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. टेबलावरचा कप उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"ही ट्रॉफी एवढीच होती," मी म्हणालो. "मले सारं दिसत होतं."