जुलैत एसी बंद केला आणि आकडा थांबला

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज मी जिंकलो!

मी दुबईत वजनकाटे दुरुस्त करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. सकाळी एका शूटिंग क्लबमधून फोन आला. तिथे काडतुसात भरायची पावडर इलेक्ट्रॉनिक मशीन मोजून देतं, आणि त्याचा काटा दर वेळी वेगळाच आकडा दाखवत होता. चेष्टा नाही, पावडर जास्त पडली तर बंदूक हातातच फुटते.

सुपरवायझर इक्बालभाई, आपल्या रत्नागिरीचे. म्हणाले, "मशीन खलास. कंपनीला परत पाठवतो."

मी माझं तपासणीचं वजन ठेवलं. आकडा खरंच नाचत होता. मग सहज वर पाहिलं. गार वाटावं म्हणून या लोकांनी मशीनचं टेबल बरोबर एसीच्या झोताखाली ओढलं होतं, आणि तो वाराच काट्याला ढकलत होता!

"एसी बंद करा."

"जुलैत? डोकं फिरलं काय तुमचं?"

शेवटी मीच बटण दाबलं. दहा मिनिटांत सगळे घामाने निथळले. वजन वीस वेळा ठेवलं, वीसही वेळा तोच आकडा! इक्बालभाईंनी ओल्या शर्टानिशी मला मिठी मारली आणि ओरडले, "यल्ला, चला, टेबल हलवा!"

आता खरं सांगा, दुबईत आल्यापासून तुमच्यापैकी कुणी जुलैत स्वतःच्या हाताने एसी बंद केलाय?