एकच फौज धर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी युद्धाचा पटखेळ मांडून बसणारा माझा शेजारी म्हणजे नवशिक्यांचा गुरू. प्रत्येक सोंगटी शर्टाला पुसून ठेवतो आणि प्रत्येक उपदेशाला "कळलं ना?" जोडतो. मला म्हणाला, "चार फौजा बघून हुरळू नकोस. एकच धर. वाट लागली तरी बदलायची नाही, हरता हरताच हात बसतो. कळलं ना?"

मी हिरवी फौज धरली आणि महिनोन् महिने हरलो. मग एकदा चक्क त्यालाच हरवलं.

पुढच्या रविवारी तो आधीच येऊन माझ्या हिरव्या सोंगट्या पुसत बसला होता.

मी म्हटलं, "अरे, एकच फौज धरायची ना?"

आपली काळी फौज माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "ते नवशिक्यांना रे. तू आता जिंकलास ना? मग नवशिका कुठे राहिलास? कळलं ना?"