पाठीला पाठ

शेजारच्या शेतात कापसाची वाळलेली पऱ्हाटी पेटवून कुणी भरिताची वांगी भाजत होतं. धूर अंगणात आला आणि मला पाचोऱ्याकडचं आमचं शेत आठवलं.

मी तेव्हा दुसरीत होते. दमा लहानपणापासूनचा. त्या दिवशी असाच धूर छातीत गेला आणि मी बांधावर वाकून बसले. काकू म्हणाली, "नाटक करी ऱ्हायनी पोर. कापूस येचाना कंटाळा शे तिले." वडील, म्हणजे नाना, घाबरून ओरडत होते, "श्वास ले माय, मोठा श्वास ले!"

पण घेऊ कुठे? गाठोड्यात कापूस पायाने दाबून भरतात, तशी छाती आधीच गच्च भरली होती. आतला श्वासच बाहेर पडत नव्हता. आणि हे सांगायलासुद्धा श्वास लागतो.

आई आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. "सोड. हयूहयू सोड," एवढंच म्हणाली. तिची पाठ सैल पडली की मीही सोडायचे. कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. मला वाटलं, माझीच. बऱ्याच वेळाने मोकळं वाटलं, तशी मी भरीत खायला पळाले. आई तिथेच बसून राहिली.

तिला कसं कळलं, हे मी कधी विचारलं नाही. आता आठवतं, मी उठले तेव्हाही ती शिट्टी माझ्या मागे वाजतच होती. आई आज असती तर मी तिच्या पाठीशी जाऊन बसले असते. त्या दिवशी तिला "सोड" म्हणणारं कुणी नव्हतं.